पायरीची उंची

सासूबाईंचा उजवा गुडघा
त्याच्या मनात असेल तेवढाच वाकतो.
म्हणून मी शोरूममध्ये
कारखान्यातली इंच टेप घेऊन गेले.
पोरगा मायलेजचं सांगत होता,
मी दाराशी उकिडवी बसून
जमिनीपासून सीटपर्यंत मोजत होते.
"मॅडम, ग्राउंड क्लिअरन्स एकशे नव्वद."
गुडघ्याचा कुठल्याच पत्रकात छापलेला नव्हता.

बाहेर होटगी रोडवर बेचाळीस डिग्री,
आत कोऱ्या वहीचा गारवा.
यांनी स्टिअरिंगला हात लावला
आणि लगेच काढून घेतला,
भारी साडीवरून काढतात तसा,
किंमत विचारायच्या आधी.

मग किंमत विचारली.
रोड टॅक्स वेगळा, विमा वेगळा,
पायाखालच्या चटयासुद्धा वेगळ्या,
आणि थांबायचं तीन महिने.
परतताना स्कूटरवर कुणीच बोललं नाही.
सात रस्त्याच्या सिग्नलला हे म्हणाले,
"हप्ता फिटेल तेव्हा मी एकसष्टचा."
मागून हॉर्न वाजला. सिग्नल केव्हाच सुटला होता.

सहा वर्षं झाली,
सासूबाई सिकंदराबादला बहिणीकडे गेल्या नाहीत.
रेल्वेची पायरी चढवत नाही,
आणि चौघांनी धरून चढवलेलं त्यांना चालत नाही.
फोनवर दोघी बोलतात, बहुतेक भाज्यांचे भाव.
ठेवताना एक म्हणते, तू ये,
दुसरी म्हणते, तूच ये.

जुळे सोलापुरात म्हमाण्यांची गाडी होती,
सात वर्षांची, राखाडी, बासष्ट हजार पळालेली.
आम्ही दस्तगीर मिस्त्रीला सोबत नेलं.
त्यानं बॉनेट उघडण्याआधी
सीटचा पट्टा शेवटापर्यंत ओढला.
"पुरातली गाडी असली ना वहिनी,
धुऊन आणतात चकाचक,
पण गाळाची रेघ इथं राहते."
रेघ नव्हती.
मग बोल्टांवरचा रंग, टायरांवरचा आठवडा,
मग डोळे मिटून इंजिनाला कान.
डावा दरवाजा एकदा बदललाय, म्हणाला.
म्हमाणे म्हणाले, "हो, बदललाय.
सौ.नं शिकायला घेतली होती."
आतून सौ. म्हणाल्या, "गेट अरुंद आहे."

सीटखाली एक टॉवेल सापडला,
दोन निळ्या रेघांचा काठ, आमच्याच मागावरचा.
यांना तो शकुन वाटला.
मी म्हटलं, सोलापुरात कुठल्या गाडीत
टॉवेल सापडत नाही ते सांगा.

ठरलं होतं असं:
हे तोंड वाकडं करणार,
दस्तगीर क्लचबद्दल खाकरणार,
मी म्हणणार, बघू, अजून दोन बघायच्यात.
चाळीस हजार तरी खाली यायला हवे होते.

तेवढ्यात सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली,
दाराची कड धरली,
आधी बसल्या, मग एकेक पाय आत घेतला,
कुणाला न विचारता, कुणाला न धरता.
पदर सारखा केला.
समोरच्या काचेतून म्हमाण्यांच्या कण्हेरीकडे बघत
मोठ्यानं म्हणाल्या,
"पोदामा?"
निघायचं का.

दस्तगीरनं खाकरणं गिळलं.
म्हमाण्यांना तेलुगू येत नव्हतं,
पण गाडी विकणाऱ्याला तेवढं सगळ्याच भाषांत कळतं.
पाच हजार सोडले, तेही चहाबरोबर.

टेप माझ्या पर्समध्येच राहिली.
मोजायचं विसरले.

आता गाडी अशोक चौकामागच्या बोळात
अर्धी आमच्या दारात, अर्धी गुंडेट्यांच्या.
रोज संध्याकाळी त्यावरून दोन शब्द होतात.
मागच्या काचेवर म्हमाण्यांच्या नातवासाठी
लावलेला पिवळा कागद अजून आहे,
"गाडीत बाळ आहे."
तो नातू आता दुसरीत.
यांनी ब्लेड घेतलं, कोपरा उचकटलाही.
मी म्हटलं, राहू द्या,
हैदराबाद रस्त्यावर ट्रकवाले जरा जपून जातील.

आत सासूबाई,
वय त्र्याहत्तर, पट्टा लावलेला,
मांडीवर शेंगाचटणीचा डबा,
जायला अजून चार दिवस आहेत.