हरळीची उंची

पावणेपाचला बाळगोंडा दव झाडायला निघतो.
दहा फुटी बांबू, टोकाला लवलवता वेत,
ग्रीनवरून अर्धगोल फिरवतो:
घोंगडं झटकल्यासारखा नाही,
झोपलेल्या पोराच्या तोंडावरची माशी उठवावी तसा.
दव राहिलं की बुरशी धरते,
बुरशी धरली की सेक्रेटरी धरतात.

मी पंपावर असतो. उजळाईवाडीच्या पुढं, माळाच्या कडेला.
मला इथून सगळं दिसतं.

मशीन काढण्याआधी तो पात्यात कागद धरून बघतो.
कालच्या पेपराची पट्टी.
कधी 'वधू पाहिजे' कापलं जातं, कधी 'दुःखद निधन'.
सरळ कापलं तर धार बरोबर.
फाटलं तर दगड आणि तेल घेऊन पुन्हा उकिडवा.
साडेतीन मिलिमीटर.
एकावर एक ठेवलेली दोन नाणी, बस्स,
एवढ्या उंचीत गवतानं जगायचं.

आक्काताई हुपरीकडची.
जन्म गेला दिराच्या उसात हरळी खणण्यात,
मुळी तुटली तर शिव्या, राहिली तर दुप्पट शिव्या.
इथं पगार उलट्या कामाचा:
लव्हाळा काढ, रेशीमकाटा काढ,
हरळीला हात लावू नकोस.
पहिल्या दिवशी हातानं ऐकलं नाही.
चार नंबरवर तळव्याएवढं टक्कल.
बाळगोंडानं नर्सरीतला तुकडा आणून बसवला,
वरून पायानं दाबला, म्हणाला,
"हाताला सांग की, मालक बदललाय म्हणून."
कुणाला कळलं नाही.

एकदा भाद्रपदात ती म्हणाली,
"एवढं अठरा एकर रान, सगळी हरळीच,
आन् गणपतीला एक जुडी निघंना!"
खरं होतं.
तीन पानं फुटायला गवताला वर यावं लागतं.
आम्ही येऊ देतो कुठं?

मग त्या पौषात गवा आला.
राधानगरीकडून उसाउसातनं आला असणार,
दस्तगीर वॉचमननं बॅटरी मारली तर दोन डोळे,
पुढं त्याला काही आठवत नाही.
सकाळी सात नंबरवर खुरांचे ठसे.
जोडखूर, मुठीएवढे खोल. आम्ही मोजले: एकतीस.
आणि रविवारी सामने.

ठसा खालून उचकटायचा नसतो.
खालून उचकटला की मुळी तुटते, पिवळी वर्तुळं उठतात.
सुरी बाजूनं घालायची, कड आत ओढायची,
जखमेचे ओठ जुळवावेत तशी,
मग वाळू, मग पाणी, मग तळहात.
आक्काताई बसली, मी बसलो, दस्तगीरही बसला
झोप सोडून.
दिवेलागणीला तीस झाले.

एकतिसावा फारच खोल होता.
बाळगोंडा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला,
विडी काढली, परत खिशात ठेवली.
मग कप कापायचा पाना आणला,
बरोबर ठशावर रोवला, फिरवला,
आणि मातीचा गोल दंडा वर काढला,
माथ्यावर खूर तसंच.
भोकात पांढरा कप बसवला. काठी उभी केली.

रविवारी सगळे तिथंच नेम धरत होते.
चेंडू पडला की टाळ्या.
कर्नलसाहेब म्हणाले, "आजची जागा अवघड होती, मस्त!"
बाळगोंडा टोपी हातात घेऊन उभा.

तो दंडा त्यानं पंपाच्या मागं रोवला,
व्हॉल्व्ह गळतो तिथं.
तिथं मशीन जात नाही.
आता खुराचा खळगा दिसत नाही,
वर हातभर हरळी सुटलीय, आडवी, उभी, मनाला येईल तशी.

परवा आक्काताई तिथं उकिडवी बसली होती,
एकवीस मोजत.
मधेच चुकली, पुन्हा एकपासून.
बाळगोंडा आला, सवयीनं बोट लावून उंची बघितली,
काहीतरी पुटपुटला.
"किती?" मी विचारलं.
"मोटर बंद कर," तो म्हणाला, "टाकी भरली."