न सापडलेलं विष

बुडापेस्टला त्या शरदात
यंत्र आम्हाला मिळायचं रात्री अकरा ते तीन.
दिवसा ते मालगाड्यांच्या डब्यांचा हिशेब करी,
रात्री आम्ही त्याला तर्क शिकवायचो.
म्हणजे इल्का शिकवायची.
मी कार्डांना भोकं पाडायचे,
आणि एखादं भोक चुकलं की
अख्खं जंगल चुकायचं.

जंगल म्हणजे पिलिशच्या टेकड्यांवरच्या अळिंब्या.
छत्रीखालचे पडदे पांढरे असतील,
देठाला कडं असेल,
आणि देठाचा पाय वाटीत उभा असेल,
तर विषारी.
सगळी मेहनत त्या ‘तर’पाशी येऊन थांबायची.

नियम आमचे नव्हतेच. ते बोर्बाला आजींचे.
लेहेल चौकाच्या बाजारात,
आंबवलेल्या कोबीची पिंपं आणि जिवंत माशांची टाकी
यांच्यामध्ये त्यांचं पत्र्याचं टेबल.
लोक टोपल्या आणत. त्या मोडून बघत, हुंगत,
निम्म्या टोपलीवर नगरपालिकेचा शिक्का,
निम्मी कुलपाच्या पिंपात.

इल्का वही उघडून विचारायची, खात्री किती?
म्हणजे?
शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी.
माझ्याकडे पिंप एकच आहे, पोरी.
तरी घासाघीस करत आकडा निघायचा,
मासे विकत घेतल्यासारखा:
शून्य पूर्णांक आठ. बरं, नऊ घे.
आजींच्या दोन खात्र्यांचा गुणाकार केला
की उत्तर दोन्हींपेक्षा लहान येतं,
हे मला तेव्हा पहिल्यांदा खुपलं.

मग एका रविवारी झोम्बोर टोपली घेऊनच आला.
सुरीने सफाईदार कापलेल्या, गोऱ्यापान.
पाय मातीतच राहिले होते.
पडदे पांढरे, होय. कडं आहे, होय.
वाटी?
त्याबद्दल एकही कार्ड नाही.
यंत्राने चार सेकंद घेतले आणि ठोकलं:
विषारी: नाही.

झोम्बोर हसला. कॉफीच्या शेगडीवर
चरबी आणि कांदा आधीच चढलेला, पाप्रिकाची पुडी खिशात.
इल्काने टोपलीवर हात ठेवला.
ते नाही म्हणालेलं नाही, ती म्हणाली.
त्याला सापडलं नाही, एवढंच ते म्हणालं.
पण कागदावर तर नाहीच आहे!
हो. आम्ही त्याला तसंच शिकवलंय.
जे सिद्ध होत नाही ते नाही.

कागदाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.
संस्थेच्या फॉर्मवर ‘भावंडं’ या रकान्यात
ती दरवर्षी ‘नाही’ लिहायची, हे मला ठाऊक होतं.
छप्पनच्या नोव्हेंबरात कुणीतरी
सीमेकडे जाणाऱ्या ट्रकात चढलं होतं,
एवढंच तिने एकदा सांगितलेलं,
आणि विषय कार्डांवर आणला होता.

सकाळी आजींनी एकच अळिंबी उचलली.
पाय कुठाय?
मातीत.
अख्खी टोपली पिंपात. दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही.
विषारी होत्या का? झोम्बोरने रडवेलं होऊन विचारलं.
मला काय माहीत, आजी म्हणाल्या,
आणि पुढच्या बाईला हाक मारली.

इल्का तो सगळा हिवाळा
‘मला काय माहीत’ कार्डांवर बसवत होती.
दोनच खाने असलेल्या यंत्रात तिसरा खाना,
तोही नुसता रिकामा ठेवायचा नाही, बोलता करायचा.
यंत्र मंदावलं. मालगाड्यांवाले वैतागले.
अहवाल वाचून संचालकांनी समासात लिहिलं,
उत्तर देण्याऐवजी हे प्रश्न का विचारतं?

कारण फेब्रुवारीत, पहाटे पावणेतीनला,
आमच्या भाषेतल्या स्वरांवरच्या रेघा त्याच्याकडे नव्हत्या,
तशाच बोडक्या अक्षरांत,
त्याने पहिल्यांदा छापलं होतं:
पाय कुठाय?

मी धावत बाजारात जाऊन आजींना सांगितलं.
हातमोजे काढत त्या म्हणाल्या,
बरं झालं.
पगार किती देता त्याला?