अस्तर

गंगापूर रोडच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर आहेरबाईंनी रिपोर्टच्या पाठीमागे
पेनानं दोन गोल काढले, एकात एक.
आतला आपण बसवलेला, त्या म्हणाल्या,
तो काढायचाच, फाटलाय.
बाहेरचा तुमचा. तुमच्याच शरीरानं
त्याच्याभोवती धरलेला.
त्याचं काय करायचं, ते ठरवू.

मी म्हटलं, अस्तर.
त्या हसल्या. हो, तसंच काहीसं.

तीस वर्षं रविवार कारंजावर ब्लाउज शिवतेय.
बायका हात वर करतात, मी टेप फिरवते,
आकडा मोठ्यानं बोलत नाही, वहीत लिहिते.
अस्तराचं मला सांगू नका.
आधी भिजवून घ्यावं लागतं,
नाहीतर पहिल्याच पाण्यात आटतं
आणि वरच्या कापडाला ओढून धरतं.

डाव्या बाजूची गाठ गेली
तेव्हा तिच्यासोबत सगळंच गेलं,
आणि त्या जागी ही पिशवी आली.
अकरा वर्षं.
शरीराला ती ओळखीची वाटली नसावी,
मला न विचारता त्यानं काम सुरू केलं,
आणि त्याला भिजवून घ्यायला
कुणी शिकवलं नव्हतं.
थंडीत स्कूटरवरून पंचवटीत जाताना
पदराखाली वरवंटा ठेवल्यासारखं.

सटाण्याहून नणंदेचा फोन:
मुळासकट काढ वहिनी, चिमूटभरही ठेवू नको.
आहेरबाई म्हणतात,
मागची बाजू बरगड्यांना चिकटलेली असते,
खाली लगेच फुप्फुसाचा पडदा.
पातळ असेल तर राहू द्या, हळूहळू विरतं.
जाड असेल, चुना धरला असेल, तर काढू.
तुकडा तपासायला पाठवूच.
आत गेल्यावर कळेल?
आत गेल्यावरच कळेल.

मीही हेच सांगते गिऱ्हाइकाला.
उसवल्यावर कळेल, ताई.

परतताना रिक्षावाला तावातावानं बोलत होता,
गोदावरीच्या पात्रातलं काँक्रीट उखडायचं की नाही,
खाली जुने झरे आहेत म्हणे,
आणि उखडताना तेच फुटले तर?
मी म्हटलं, इथंच थांबवा.
दुकान अजून दोन चौक पुढे होतं.

एकदा चांदवडच्या विमलताई कासलीवाल
आईचा रेशमी ब्लाउज घेऊन आल्या.
आतलं काढून नवं लावा, जुनं टोचतं.
मी ब्लेड घेतलं, टाके एकेक कापले,
आणि रेशीम हातातच सुटत गेलं.
इतकी वर्षं तेच अस्तर त्याला धरून होतं.
दोन दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही.

रात्री कटिंगच्या टेबलावर संमतीचा कागद पसरला.
दिनकर कप विसळत म्हणाला, तू ठरव.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला.
कप एकच होता.

हे माझंच काम आहे म्हटलं तर.
झोपेत केलेलं, घाबरून केलेलं,
पण बारीक, सलग, कुठे टाका सुटलेला नाही.
आणि मला ते नकोय.
दोन्ही खरं आहे, आणि कागदावर
खूण करायला चौकोन दोनच.

मी दोन्ही सोडले. खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं:
समोरचं काढा.
बरगड्यांवरचं सहज सुटलं तर काढा,
ओढू नका.
जे निघेल ते मला दाखवा.
लिहून झाल्यावर वाटलं,
हे मी कारागिराला लिहितेय.

मग दुकानाची वही उघडली.
ग वर गांगुर्डे, मंदाकिनी.
बाही, उंची, पाठ, सगळं होतं,
छातीपुढे अकरा वर्षं रेघ.
दार लावून घेतलं. टेप थंड होता.
आकडा लिहिला,
पेन्सिलनं.