कोर्टनाक्यावर, अर्ज टाईप करताना

बसा. स्टूल डुगडुगतं, डावीकडे भार देऊ नका.
आधी तारखा सांगा, रडू नंतर.
रडण्याला अर्जात रकाना नाही,
तारखांना आहे:
लग्न कधी, कुठल्या हॉलमध्ये,
एका छताखाली शेवटचं कधी राहिलात.

'छत एकच होतं, ढमालेकाका. राहणं नव्हतं.'

हे मला टाईप करता येत नाही.
ऐकून ठेवतो.

लग्नपत्रिका आहे ना? फाडली नाहीत, बरं केलंत.
गणपती छापलेला तो जाड कागद
लग्न मोडायलाही लागतो.
फोटो आणा, ज्यात दोघं दिसतात असा.
हसताना असला तरी चालेल,
कोर्ट हसू बघत नाही.

दागिन्यांची यादी आज रात्रीच करा.
ठुशी, पाटल्या, मामाने घातलेली अंगठी,
आणि मिक्सर, शिलाई मशीन, तांब्याचा बंबसुद्धा.
पावत्या नसतील तर जांभळी नाक्याच्या सोनाराकडे जा,
जुन्या वह्या तो फेकत नाही.
सासूच्या लॉकरमध्ये असलं
तरी तुमचं ते तुमचंच.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही.
भाऊ म्हणाला तरी. वकील म्हणाला तरी.
मी म्हणालो तरी.

वकिलाला पैसे नाहीत?
मग विधी सेवेची खोली विचारा.
बाईला तिथे वकील फुकट मिळतो, पगार न विचारता.
लाज कळव्याला ठेवून या,
आधार मात्र आणा.

पोटगीचं कलम पूर्वी एकशे पंचवीस होतं,
आता एकशे चव्वेचाळीस म्हणतात.
नंबर बदलला,
पोराची फी, दूध, रिक्षा, सगळं तेच.
महिन्याचा खर्च खरा लिहा.
फुगवला की समोरचा वकील
आमटीतलं मीठसुद्धा मोजायला लावतो.

त्यांचे मेसेज पुसू नका.
तुम्ही नवे पाठवू नका.
रात्री अकरानंतर फोन
डाळीच्या डब्यात टाका आणि झाकण घट्ट लावा.

आणि अन्वय. सात पूर्ण ना?
समुपदेशक बाई त्याच्याशी बोलतील.
त्याला पढवून आणू नका.
पढवलेलं पोर उत्तर देताना
आईकडे बघतं, मग खिडकीकडे.
बापाला भेटायच्या दिवशी
त्याच्या आवडीचा शर्ट घाला, एवढंच.

दोघांच्या संमतीने असेल
तर पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं.
कोर्टाला पटलं तर कमीही होतात.
तेवढ्यात मन फिरलं तर फिरू द्या,
निकाल होईपर्यंत संमती मागे घेता येते.
मी अशा दोन जोड्या पाहिल्या,
एक तलावपाळीवर भेळ खाताना दिसली,
दुसरी वर्षभरात परत याच स्टुलावर.

आता नाव.
करुणा दर्शन म्हात्रे, आधारवर तेच ना?
मग आज तेच.
निकाल लागला की सही-शिक्क्याची प्रत घ्या,
मग आधार, बँक, बाकी सगळं.
केणी लावणार परत?

'काका, मधे आईचं नाव चालतं?'

चालतं.
गॅझेटात छापून आणावं लागतं, पण चालतं.
काय नाव आईचं?

'हिराबाई.'

(माझं बोट कळीवर थांबलं,
मागचा झेरॉक्सवाला बघायला लागला.)

स्टूल ना? माझ्या मुलीचं.
तिच्या यादीत चौतीस नंबरला होतं.
तेवढं एक त्यांनी लगेच परत दिलं.
एका पायाचं रबर
तिकडेच राहिलं.

वाचून बघा. सावकाश.
तीन प्रती, दीडशे रुपये.
सुट्टे नसतील तर पुढच्या तारखेला द्या.
तारीख काय,
पडणारच आहे.