उंबरठ्याबाहेरची झाडं

दर पाच दिवसांनी, पावणेअकराच्या सुमारास,
रास अल खैमावरून उपग्रह जातो.
कुणी मान वर करत नाही.
मीही नाही. मी तिसऱ्या मजल्यावर
त्याच्या परवाच्या नजरेतले ढग पुसत असते.
ढग इथे कसले, बहुतेक धूळच.

माझ्या पडद्यावर हिरवं ते लाल दिसतं.
पहिल्या आठवड्यात आईला फोटो पाठवला,
ती म्हणाली, अगं, आग लागलीय का कुठे?
म्हटलं, खजुराची बाग आहे ती.
आपल्या डोळ्यांना न दिसणारा जो उजेड
पानं परतवून लावतात,
त्याला आम्ही लाल रंग दिलाय, इतकंच.
तिला पटलं नसावं. तुळशीचा फोटो नको काढूस, म्हणाली.

ह्या नजरेला सहसा फसवता येत नाही.
किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांची हिरवळ
डोळ्यांना कोथिंबिरीसारखी ताजी,
पडद्यावर राख. प्लास्टिक.
गोल्फचं मैदान लालबुंद,
शुद्ध केलेलं सांडपाणी पिऊन तुकतुकीत.
चौकातल्या पेटुनियांची वर्तुळं किंचाळतात.
खाडीतली तिवरं भरतीला अर्धी बुडतात
आणि ओहोटीला पुन्हा हजेरी लावतात.

सगळ्यांना मी आकडे देते.
पॉइंट टूच्या वर, ती वनस्पती.
खाली, ती वाळू.
ह्या रेषेला मराठीत काय म्हणायचं
ते इंग्रजी अहवाल लिहिताना
आठवायची कधी गरज पडली नाही.

जानेवारीत खरंखोटं तपासायला निघालो.
गाडीवर मुश्ताक मुकादम, मंडणगडचा,
एकोणीस वर्षं ह्याच रस्त्यांवर.
नकाशातल्या एका कोऱ्या चौकटीत थांबलो,
जिथे मी स्वतःच 'उघडी वाळू' असं लिहिलं होतं,
आणि मुश्ताक बोटावर मोजायला लागला.
बोटं संपली. पुन्हा अंगठ्यापासून.
एक्केचाळीस.

गाफ म्हणतात इथे त्यांना.
उंटांची मान पोचते तिथवर खाल्लेली,
खालून कात्रीनं कापल्यासारखी सपाट,
वर विरळ, बारीक पान.
दहा मीटरच्या चौकोनात एक झाड, बाकी वाळू;
सरासरी काढली की वाळूच जिंकते.
पॉइंट चौदा.

मी एक डहाळी खाली ओढली. काटा लागला.
पान ओळखीचं. कुठलं, ते आठवेना.
मग आठवलं: चौरंगाजवळची टोपली,
दूर्वांखाली दबलेली गणपतीची पत्री.
शमी.
आयुष्यभर तिला चिमटीतच पाहिलं होतं,
अख्खी कधीच नाही.
पांडवांची शस्त्रं अंगावर बाळगून
जिनं तेरावं वर्ष निभावलं,
ती इथे स्वतःच अज्ञातवासात,
आणि हेर आम्ही,
आकाशभर हिंडून रिकाम्या हातानं परतलेले.

तिच्याच सावलीत डबा उघडत मुश्ताक म्हणाला,
"ताई, म्हणजे तुमच्या मशीनच्या
दाराबाहेरच उभी राहिली म्हणायची ही."

दाराबाहेर.
तेव्हा तो शब्द आला, इतक्या दिवसांनी:
उंबरठा.
आणि त्या शब्दात केव्हापासून
आडवं पडून राहिलेलं एक झाड,
उंबर.

ऑफिसात येऊन मी तो खाली आणला.
पॉइंट बारा.
एक्केचाळीसपैकी सदतीस आत आली.
त्यांच्या मागोमाग मशिदीच्या मागचे,
वजूच्या पाण्यावर पोसलेले तीन कडुनिंब,
गाड्या धुतात तिथलं ओलं शेवाळ,
डिसेंबरच्या एका सरीवर उगवलेलं
आणि पंधरवड्यात मरणारं गवत,
आणि काही अशा जागा
जिथे खरंच काही नाही.

चार शमी अजून बाहेरच आहेत.

इंजिनिअर हमदा अल शेही यांनी तक्ता पाहिला,
चष्मा वर केला.
"चूक वाढलीय," म्हणाल्या.
"हो," म्हटलं.
"इतक्या लांबून आली आहेत,
पायांबरोबर थोडी वाळू येणारच आत."