वर्दी बुक

सगळ्यात जुनी वही उर्दूत आहे.
सिराजोद्दीन ड्रायव्हर बोट फिरवत वाचायचा:
सरकीचं गोदाम. चार भिश्ती, एक पितळी पंप.
बैल बुजले, म्हणून माणसं जुंपली.
पुढचं पान वाळवीनं वाचलं.

मग मराठी येते, निळ्या शाईची:
पहिला बंब, पहिली शिडी,
पहिला पगार, उशिरा.
मंजूर पदं सव्वीस. भरलेली अकरा.
परभणीत आग मात्र
मंजूर पदांच्या हिशोबानंच लागते.

कापूस जळताना आवाज करत नाही.
वरून विझतो, पोटात धुमसतो,
तिसऱ्या दिवशी पुन्हा वर्दी देतो.
म्हणून गंजी दाताळ्यानं फोडायची,
हे विश्वंभर धुळगुंडेनं शिकवलं,
भुवया जळाल्यावर.

त्या उन्हाळ्यात बंबाचा टँकर झाला.
वडारवाडीत पाणी वाटलं, बुकात लिहिलं:
आग नाही. तहान.
नळी गुंडाळतोय तोवर जिनिंगची वर्दी,
आणि टाकी कोरडी.

बाया काही बोलल्या नाहीत.
घागरी, कळश्या, तेलाचे डबे
ज्या रांगेत भरले त्याच रांगेत,
हातोहात वर चढवून
परत टाकीत ओतले.
एकीनं अर्धी कळशी मागं ठेवली.
लेकराला गोवर होता.

वेळ, ठिकाण, कारण, नुकसान:
बुकात रकाने एवढेच.
पहाटे, काळ्या बोटांनी
मी समासात लिहिलं,
अर्धी कळशी येणे बाकी.
मागू नये.