सातशे एकोणीस

बहला सोडलं की रस्ता डोंगराच्या पोटात शिरतो
आणि फोनची रेंज जाते.
गाडीत मागे ताणकाटा, रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा,
कानात मारायच्या पिवळ्या बिल्ल्यांची पिशवी.
शम्सा बिन्त हुमैद दारातच उभी असते.
मला दुक्तोरा म्हणते.
मी डॉक्टर नाही, परभणीची पदविका आहे फक्त,
हे तीन वर्षांत तीनदा सांगून झालं.

माझ्या वहीत प्रत्येक करडापुढे रकाना आहे: बाप.
तिच्या तोंडी फक्त आया.
ही सुवैदाची. सुवैदा गझालाची.
गझाला त्या लंगडीची, जी पुराच्या साली
फलजच्या भिंतीवर चढून तीन दिवस तगली.
लंगडी कुणाची?
तर आईला महरात मिळालेल्या तपकिरीची.
मी लिहीत राहते. समास भरतो,
मग पान उलटून मागे.

आपल्याकडे म्हणतात, खाण तशी माती.
तिला अरबीत सांगायला गेले
तर निघालं, मातीसारखी माती.
तिनं मान डोलावली. खरं आहे, म्हणाली.

आम्हाला हवं असतं ते मोजता येतं:
नव्वदाव्या दिवसाचं वजन,
जुळ्यांचं प्रमाण,
पापणी उलटली की दिसणारा लाल रंग,
म्हणजे जंत अंगात असूनही बकरी उभी आहे.
ती म्हणते, हाक न मारता जी संध्याकाळी घरी येते
तिची पाट ठेव.
हे आईकडून लेकीत उतरतं का, मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
की मी घाईनं सुक्या तारल्यांचं पोतं मोजायला घेतलं.

बोकडांना बिल्ले मारताना एकदाच ती मध्ये पडली.
याचा कान फाटता कामा नये, म्हणाली,
आणि स्वतः त्याचं डोकं मांडीत धरून बसली.
मला वाटलं, माया.
नीट मधोमध मारला. सातशे एकोणीस.

निकाल आला तेव्हा उन्हाळा सरत होता.
पाच गावं, अकराशे जनावरं,
आणि सगळ्यांच्या वर, एकटा, सातशे एकोणीस.
त्याच्यासाठी केंद्रात वेगळा गोठा, वर पंखा,
घरधनिणीला तीनशे रियाल.
मी पत्र घेऊन वर गेले,
साहेबांनी लिहिलेलं अरबी वाक्य रस्ताभर घोकत.

शम्सा काही बोलली नाही.
तिचा नातू मुंधिर हसत सुटला.
दुक्तोरा, ईदला काय जेवलीस?

आठवलं.
अंगणामागचा खड्डा, केळीच्या पानांची पुरचुंडी,
दोन रात्री मातीखाली,
हाडावरून आपोआप सुटणारं मांस.
मी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.
बोटं चाटली होती.

मुंधिरनं खिशातून किल्ल्या काढल्या.
त्यात पिवळा बिल्ला.

ईदला उणं जनावर चालत नाही, शम्सा म्हणाली.
डोळा नको अधू, पाय नको अधू, कान नको फाटका.
सगळ्यात चांगला तोच होता.
तुझ्या यंत्राला आज कळलं.

म्हणजे दर वर्षी, ह्या डोंगरात,
किती पिढ्या, सगळ्यात चांगला,
आणि मी विचारत होते बापाचं नाव.

केंद्राच्या फॉर्मवर कारण लिहायचं असतं:
रोग, अपघात, चोरी, इतर.
मी पेन धरून बसले.
खाली गोठ्यात शम्सानं एका बकरीला भिंतीशी दाबलं होतं,
पोट दोन्हीकडून फुगलेलं.
अंगठ्यानं तिची पापणी उलटली,
अगदी मी उलटते तशी.
आत डाळिंबाचा दाणा.

ही त्याची आई, म्हणाली.
वही काढ.
आणि ह्या खेपेला कागद ईदच्या आधी आण.